कथेतला माणूस खरा वाटतो तो कशामुळे?

(कार्यकर्त्यांच्या साहित्यविषयक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी लिहिलेल्या कथा एकापाठोपाठ एक वाचत गेल्यास एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. या कथांतला कामगार कधी चुकत नाही. तो सभेला वेळेवर येतो, संपाच्या दिवशी सर्वांच्या पुढे असतो, त्याला दारूचा वास सहन होत नाही, बायकोवर त्याने कधी हात उगारलेला नसतो, आणि दीड पानाचे भाषण तो एका दमात, व्याकरणाची एकही चूक न करता करतो. त्याच्यासमोरचा सावकार किंवा गिरणीमालक जाडा असतो, बोटांत अंगठ्या घालतो आणि हसतो तेव्हा विकटच हसतो. शेवटी सूर्य उगवतो. कथा कामगाराविषयी असते आणि कामगारासाठी असते. पण वस्तीतल्या वाचनालयात ती हाती घेणारा कामगार एके काळी दुसऱ्या पानावर ती मिटून बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा उघडीत असे. आज तो मोबाईल उघडतो, एवढाच काय तो फरक.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अर्नाळकरांचा झुंजार हाही काही खरा माणूस नव्हे. पण तो तसा असल्याचा दावा करीत नाही. कार्यकर्त्याची कथा मात्र वाचकाला सांगते की हा तूच आहेस, आणि वाचकाला पुरते ठाऊक असते की हा तो नव्हे. त्याने आयुष्यात दोन-चार सभा चुकवलेल्या असतात. मोर्चात असताना घरी ताप आलेल्या मुलाची त्याला काळजी लागलेली असते. संप लांबला तर आपण टिकू की नाही, ही शंका एखाद्या रात्री त्याला झोपू देत नाही. नेमक्या त्या रात्री ज्या नायकाला कधी शंकाच आली नाही त्याच्यापाशी या वाचकाला सांगण्यासारखे काय असणार? पात्र खोटे झाले की कथा फसते. आणि ज्याच्यासाठी ती लिहिली तो वाचक एकटा पडतो, हे नुकसान अधिक मोठे.

हा प्रश्न नवा नाही, आणि तो चळवळीबाहेरच्या टीकाकारांनी उकरून काढलेलाही नाही. २६ नोव्हेंबर १८८५ रोजी फ्रेडरिक एंगल्स यांनी मिन्ना काउट्स्की यांना एक पत्र लिहिले. कार्ल काउट्स्की यांच्या या मातोश्री जर्मन भाषेतल्या समाजवादी कादंबरीकार होत्या. त्यांची ‘जुने आणि नवे’ ही कादंबरी एंगल्स यांनी वाचली होती. मिठाच्या खाणींतले कामगार आणि व्हिएन्नातला उच्चभ्रू समाज या दोहोंचे चित्रण त्यांना आवडले. या कादंबरीतले बहुतेक पात्र आपल्या थराचे प्रतिनिधी आहे आणि त्याच वेळी, हेगेलच्या शब्दात, ते ‘हा’ आहे, म्हणजे दुसरा कोणी नव्हे तर हाच एक माणूस आहे, अशी पावती त्यांनी दिली. परंतु आर्नोल्ड या नायकापाशी येताच त्यांची लेखणी अडते. आर्नोल्ड फार चांगला आहे. इतका की तो दरड कोसळून मरतो तेव्हा, या जगासाठी तो जरा जास्तच चांगला होता, असे म्हणून मनाची समजूत घालता येते. लेखिका आपल्याच नायकाच्या प्रेमात पडली आणि त्याची व्यक्ती तत्त्वात विरघळून गेली, असे एंगल्स यांचे निदान होते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. कादंबरीत तत्त्व आले, म्हणून एंगल्स नाराज झाले, असे मुळीच नाही. एस्किलसपासून दान्ते आणि सर्व्हांतेसपर्यंत थोर लेखक कोणत्या ना कोणत्या बाजूचे होतेच, हे त्याच पत्रात ते बजावतात. त्यांचे म्हणणे एवढेच की लेखकाची बाजू प्रसंगातून आणि कृतीतून वर आली पाहिजे. ती निराळी बोट दाखवून सांगावी लागू नये. त्याआधी २६ वर्षे, एप्रिल १८५९ मध्ये, मार्क्स यांनी लासाल यांच्या ‘फ्रान्त्स फॉन झिकिंगन’ या नाटकावर लिहिताना हीच तक्रार केली होती. पात्रांना युगधर्माचे कर्णे बनवण्याची शिलरची वाट सोडून शेक्सपिअरच्या वाटेने जायला हवे होते, असा त्यांचा सल्ला होता. मार्क्स आणि एंगल्स या दोघांनीही हे कानउघाडणीचे शब्द आपल्याच गोटातल्या लेखकांना ऐकवले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

यापुढचे पत्र मार्गारेट हार्कनेस यांना लिहिलेले, एप्रिल १८८८ चे. ‘जॉन लॉ’ या टोपणनावाने त्यांनी ‘ए सिटी गर्ल’ ही छोटी कादंबरी १८८७ साली प्रसिद्ध केली होती. लंडनच्या ईस्ट एंड भागातली नेली ही शिवणकाम करणारी मुलगी, तिला फसवणारा मध्यमवर्गीय विवाहित गृहस्थ, आणि अडचणीच्या वेळी मदतीला येणारी साल्व्हेशन आर्मीची माणसे, असे हे जुनेच कथानक. एंगल्स यांनी त्यातल्या सत्यतेची आणि धाडसाची तारीफ केली. नेली त्यांना खोटी वाटली नाही. उणीव त्यांना दिसली ती तिच्या भोवतालात. या कादंबरीतला कामगारवर्ग मुकाट सोसणारा आहे. जी मदत येते ती बाहेरून आणि वरून येते. अर्थात ईस्ट एंडचे कामगार त्या काळी खरोखरच फारसे प्रतिकार करीत नव्हते, हेही एंगल्स मोकळेपणाने मान्य करतात.

आणि मग काय घडले? त्याच वर्षी जुलै महिन्यात, त्याच ईस्ट एंडमध्ये, बो येथील ब्रायंट अँड मे यांच्या काड्यापेट्यांच्या कारखान्यातल्या सुमारे १,४०० मुली आणि बायका काम टाकून बाहेर पडल्या. क्षुल्लक कारणांवरून पगारातून कापला जाणारा दंड आणि पांढऱ्या फॉस्फरसमुळे जबडा सडवणारा रोग या गोष्टी त्या वर्षानुवर्षे सोसत आल्या होत्या. पंधरवड्याच्या आत मालकांना दंडाची पद्धत मागे घ्यावी लागली आणि त्या मुलींनी आपली युनियन उभी केली. पुढच्याच वर्षी गोदी कामगारांचा मोठा संप झाला. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा या मुली काही चंद्रावर नव्हत्या. त्या नेलीच्याच वस्तीत, तिच्यासारख्याच खोल्यांत राहत होत्या. परंतु नेलीच्या जिन्यावर तिला त्यांच्यातली एकही भेटत नाही. पात्राच्या खरेपणाचे अर्धे रहस्य येथे आहे. माणूस कसा आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याला रोज कोण भेटते हेही. शेजारची एखादी मुलगी मुकादमाला उलट बोलली आणि नेली ते ऐकून घाबरून दार लावून बसली, एवढे जरी घडले असते तरी नेली तशीच दुबळी राहून अधिक खरी झाली असती.

आता गॉर्कीच्या ‘आई’कडे वळता येईल. ही कादंबरी गॉर्कीने १९०६ साली लिहिली. तिच्यामागे निझ्नी नोव्हगोरोदजवळच्या सोर्मोवो या कारखान्यांच्या वस्तीत १९०२ च्या मे दिनी निघालेले निदर्शन आहे, आणि प्योत्र झालोमोव हा तरुण कामगार व त्याची आई अॅना झालोमोवा या खऱ्या व्यक्ती आहेत. पण खऱ्या व्यक्ती हाताशी असणे म्हणजे पात्र हाताशी असणे नव्हे, याचा पुरावा याच कादंबरीत मिळतो. कारण तिच्यातली आई जेवढी जिवंत आहे तेवढा मुलगा नाही.

निलोव्हनाच्या उजव्या भुवईवर एक खोल व्रण आहे. त्यामुळे ती भुवई किंचित वर ओढलेली दिसते, आणि ती बाई सतत कशाचा तरी कानोसा घेते आहे असा भास होतो. चालताना ती अंग चोरून, एका कडेने चालते. कशाला तरी धडकू अशी भीती तिच्या शरीरातच मुरलेली आहे. नवऱ्याने तिला किती वर्षे मारले, हे गॉर्कीला पानेच्या पाने सांगावे लागत नाही. पुढे ती पत्रके कपड्यांत लपवून कारखान्यात नेते तेव्हा वाचकाचा श्वास अडकतो, तो या चालण्यामुळे. ही तीच बाई आहे जी भिंतीला चिकटून चालत असे. देवावरचा विश्वासही तिने सोडलेला नसतो. उतारवयात मुळाक्षरे शिकायला बसताना तिला लाज वाटते आणि ती ते लपवते. पावेलचे मात्र उलट झाले आहे. आरंभी, बाप मेल्यावर, तोही बापासारखाच मद्य पिऊन घरी येतो, तेव्हा तो आपल्या चाळीतलाच कोणी पोरगा वाटतो. मग तो पुस्तके वाचू लागतो, नेता होतो, आणि पानागणिक ताठ होत जातो. न्यायालयात तो बोलतो ते सारे बरोबर आहे, परंतु ते बोलताना त्याच्या घशाला कोरड पडली होती की नाही हे कळत नाही. मिन्ना काउट्स्कींच्या आर्नोल्डची सावली येथे थोडी पडली आहे, असे म्हटल्यास गॉर्कीचा अवमान होणार नाही.

पुढे १९२८ साली, आपण लिहायला कसे शिकलो हे सांगताना, गॉर्कीने नवलेखकांना बजावले की एक दुकानदार रंगवायचा तर वीस, पन्नास, शंभर दुकानदार निरखले पाहिजेत आणि त्यांच्यातले समान ते वेचून एक माणूस घडवला पाहिजे. हा सल्ला मोलाचा आहे आणि धोक्याचाही आहे. शंभरांची बेरीज करून शंभराने भागले तर सरासरी निघते. सरासरीला भुवई नसते. शंभर कामगार पाहिल्यावर त्यांच्यातल्या एकाचाच असा एखादा व्रण लेखकाला उचलावा लागतो, आणि कोणता उचलायचा हे शंभर पाहिल्यावाचून कळत नाही.

शेतकऱ्याचे उदाहरण घ्यायचे तर भारतीय साहित्यात होरीपाशीच यावे लागते. एप्रिल १९३६ मध्ये लखनौ येथे प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद प्रेमचंदांनी भूषवले. त्याच वर्षी ‘गोदान’ प्रसिद्ध झाली आणि ऑक्टोबरात प्रेमचंद गेले. अवधमधल्या बेलारी गावचा होरी हा शोषित आहे, हे पहिल्या पानापासून स्पष्ट आहे. पण प्रेमचंदांनी त्याला संत केले नाही. दाराशी एक गाय असावी, ही त्याची आयुष्यभराची इच्छा. ती मिळवण्यासाठी तो भोला या विधुर गवळ्याला दुसरे लग्न जुळवून देण्याचे आमिष दाखवतो. हे त्याचे लबाड बोलणे. पण वैरण नसल्यामुळे भोला गाय विकायला निघाला आहे, हे कळताच होरी माघार घेतो: अडलेल्या माणसाची गाय घेणे पाप. उलट तो त्याला भुसाच देऊ करतो. थोड्याच दिवसांत हाच होरी बांबूंच्या व्यवहारात स्वतःच्या भावांचे दोन पैसे दाबायला जातो आणि त्यात स्वतःच फसतो.

गाय शेवटी येते. धाकटा भाऊ हिरा मत्सराने तिला विष घालतो. होरीने हिराला रात्री गोठ्याजवळ पाहिलेले असते आणि ते बायकोला, धनियाला, सांगितलेलेही असते. धनिया गावासमोर ओरडून तेच सांगते, तेव्हा होरी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो की आपण काही पाहिले नाही; आणि खरे बोलल्याबद्दल तो धनियाला मारतो. फौजदार आल्यावर हिराच्या घराची झडती होऊ नये, घराण्याची अब्रू जाऊ नये, म्हणून तो लाचेसाठी कर्ज काढतो. ते पैसे धनिया हिसकावून भिरकावून देते. हिरा परागंदा होतो, तेव्हा त्याच्या बायकोचे शेत होरीच करतो.

या प्रसंगात होरीची प्रत्येक कृती चुकीची आहे. तो खोटी शपथ घेतो, निरपराध बायकोला मारतो, अपराध्याला वाचवतो. तरीही वाचक त्याला सोडून जाऊ शकत नाही, कारण त्या चुकांना एक मुळे आहे आणि ते मूळ होरीच्या छातीत नाही, त्याच्या जगात आहे. ज्या ‘मर्यादे’च्या, अब्रूच्या कल्पनेने त्याला जमीनदार, सावकार आणि बिरादरी यांच्या दावणीला बांधले, तीच कल्पना त्याला भावाला वाचवायला लावते आणि अनाथ भावजयीचे शेत नांगरायलाही लावते. त्याचे सद्गुण आणि त्याच्या बेड्या एकाच लोखंडाच्या आहेत. शेत वाचावे म्हणून धाकट्या मुलीचे, रूपाचे, लग्न तो पैसे घेऊन एका प्रौढ माणसाशी लावतो, तेव्हा तो शरमेने मान वर करीत नाही. सरंजामी व्यवस्थेवरचा एखादा उत्तम लेखही जे वाचकाच्या गळी उतरवू शकत नाही ते ही खाली गेलेली मान उतरवते. आणि धनिया? होरीपेक्षा ती अधिक स्वच्छ पाहते, अधिक निर्भयपणे बोलते. तरी शेवटी सुतळी विकून आलेले वीस आणे तीच गोदान म्हणून पुढे करते. तिच्या हातून ते नाणे काढून घेऊन तिच्या तोंडी विद्रोहाचे वाक्य घालण्याचा मोह प्रेमचंदांना झाला असेल काय, हे कोण सांगणार? त्यांनी ते केले नाही, एवढे खरे.

मराठीत येताना अण्णा भाऊ साठे यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे, ते नावाच्या मोठेपणासाठी नव्हे. ‘फकिरा’ या १९५९ च्या कादंबरीची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्यात दुष्काळात उपाशी मरण्यापेक्षा जगण्याचा मार्ग धरा, असे मांगांना सांगणारा विष्णुपंत कुलकर्णी आहे. जातीवरून माणसाचे माप आधीच ठरवून टाकणाऱ्या लेखकाला तो सुचलाच नसता. पण येथे अधिक वेळ द्यावा तो ‘स्मशानातील सोनं’ या लहानशा कथेला.

वारणेच्या खोऱ्यातला भीमा हा धिप्पाड गडी मुंबईच्या कडेला एका खाणीत दगड फोडून जगतो. खाण बंद पडते. अण्णा भाऊ येथे बेकारीवर एक शब्दही बोलत नाहीत. खाण बंद पडली, एवढेच. एके दिवशी प्रेताच्या राखेत भीमाला सोन्याची अंगठी सापडते, आणि त्याची वाट ठरते. तो स्मशानातली राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. बायकोला हे नको आहे. पण पोटाला मिळते आहे. एका रात्री एका प्रेतावरून त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. त्यांना हुसकावून तो प्रेताच्या तोंडातले सोने काढायला जातो, तेव्हा त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. बोटे कापावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. तो पहाडासारखा माणूस लहान मुलासारखा रडतो.

भीमा खरा का वाटतो, याचे उत्तर त्याच्या हातात आहे. कथा हातापासून सुरू होते आणि हातापाशी संपते. दगड फोडणारा हात, राख चाळणारा हात, जबड्यात अडकलेला हात, बोटे नसलेला हात. भीमाचे भांडवल म्हणजे त्याची ती बोटे. बाजाराने ती घेतली नाहीत तेव्हा त्याने ती मेलेल्यांकडे नेली, आणि बाजाराला पुन्हा हवी झाली तेव्हा ती उरली नाहीत. श्रमशक्ती, तिची विक्री, राखीव फौज या साऱ्या कल्पना तेथे आहेत, पण भीमाला त्यातली एकही ठाऊक नाही, आणि लेखकाने ती त्याला सांगितलेली नाही. भीमा चांगला माणूस आहे काय? तो प्रेतांची विटंबना करतो. कथा त्याचे समर्थन करीत नाही आणि त्याला जाबही विचारीत नाही. वाटेगावहून मुंबईला येऊन गिरणीत आणि मिळेल तेथे राबलेल्या लेखकाला भूक माणसाला कोठवर नेते हे कोणाकडून ऐकून घ्यावे लागले नव्हते. परंतु केवळ अनुभव असणे पुरेसे असते तर गिरणगावात लाखभर लेखक झाले असते. अण्णा भाऊंनी भीमाचा एकच अवयव निवडला आणि शेवटपर्यंत त्यावरची नजर हलवली नाही.

भाषेविषयी थोडेच सांगणे पुरे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधली कौतिक वऱ्हाडीत बोलते. ती प्रमाण मराठीत बोलली असती तर शिवणाच्या मिळकतीवर चालणाऱ्या तिच्या संसाराची ओढाताण वाचकाला समजली असती, पण ऐकू आली नसती. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी लेखकापुढे ही अडचण निराळ्या रूपात उभी राहते. इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरातली भाषा ही पुण्याची भाषा नव्हे. तिच्यात आजूबाजूच्या भाषा मुरलेल्या असतात. इंदूरला जन्मलेल्या शरच्चंद्र मुक्तिबोधांनी ‘क्षिप्रा’ (१९५४) पासून पुढच्या दोन कादंबऱ्यांपर्यंत बिशूची वाढ दाखवली, ती माळव्याच्या मातीतून. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव यांनी हिंदीत लिहिले. घर एकच, मराठी, वाटा दोन. अशा घरात वाढलेल्याने आपल्या बोलीची लाज बाळगून पात्राच्या तोंडी पुस्तकी वाक्ये घातली की पात्र पहिल्याच संवादात मरते. आणि पत्रकातली वाक्ये घातली तर तो मृत्यू आणखी लवकर ओढवतो.

उरतो तो सर्वांत कठीण प्रश्न. नायकाला थोडे दोष द्यायला बहुतेक लेखक तयार होतात. बिडी ओढणारा, रागीट नायक आता नवा राहिला नाही. पण जो विरुद्ध बाजूला गेला, त्याचे काय? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतला संप सुरू झाला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरणगावही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने त्या पडझडीतले एक घर रंगमंचावर आणले, आणि तेथल्या आईला व तिच्या दिशाहीन झालेल्या मुलांना पाहताना गिरणगावच्या प्रेक्षकाला आपलीच खोली दिसली. परंतु संप चालू असतानाच जो गिरणीच्या दारातून आत गेला, त्या कामगारावर लिहायला चळवळीतला लेखक बिचकतो. लिहिलेच तर त्याला दलाल करून मोकळा होतो.

उदाहरणादाखल एक साचेवाला कल्पावा. तो घाटावरचा आहे. बरीच वर्षे बदली पासावर काढून मग कायम झाला. त्याची बायको खोलीत खानावळ चालवते. तिच्याकडे बारा जण जेवतात, सारे गिरणीतलेच, सारे संपावर. गिरणगावात अशा बायका हजारोंनी होत्या. त्यांचीच संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. संपाच्या पहिल्या महिन्यात बाराही जण म्हणतात, पगार सुरू झाला की देतो. बाई हो म्हणते. काही जण गावी जातात, उरलेले जेवत राहतात. चौथ्या महिन्यात वाणी उधारी बंद करतो. मग डोरले मोडते, मग तांब्याचा हंडा. दहाव्या महिन्यात हा साचेवाला एका पहाटे पहिल्या पाळीला निघून जातो.

हा माणूस फितूर आहे काय? संपाच्या हिशोबात आहे. पण तो ज्या पैशासाठी आत गेला, त्यातून संपकऱ्यांचाच भात शिजणार आहे. येथे लेखकाला निवाडा देण्याची घाई करून चालणार नाही. त्याला इतर गोष्टी माहीत असायला हव्यात. हा माणूस कोणत्या दाराने आत गेला? डबा नेला की नाही? डबा नेला असेल तर तो बायकोने भरला, म्हणजे तिला आदल्या रात्री ठाऊक होते. आठ तास साचा चालवताना, शेजारचे साचे बंद असताना, त्या खात्यातला आवाज त्याला कसा वाटला? साच्यावर त्याचा हात पूर्वीसारखा बसला की दहा महिन्यांनी अडखळला? जॉबर त्याच्याशी नेहमीपेक्षा गोड बोलला तेव्हा त्याने मान वर केली काय?

यावर आक्षेप येईल की अशाने फुटिराविषयी सहानुभूती निर्माण होते. आक्षेप खरा आहे. ती निर्माण होईल. बाल्झाकची सहानुभूती राजेशाहीकडे होती, तरी त्याने सरदारांचे पतन जसेच्या तसे दाखवले आणि १८३२ साली पॅरिसच्या सें-मेरी मठापाशी लढलेल्या प्रजासत्ताकवाद्यांविषयी उघड आदराने लिहिले. एंगल्स यांनी त्याचे कौतुक केले ते एवढ्याचसाठी: आपल्या मताविरुद्ध जाणारे जे त्याला दिसले ते त्याने झाकले नाही. राजेशाहीच्या समर्थकाला जे साधले ते कामगारांच्या बाजूच्या लेखकाला साधू नये, असे काही कारण नाही. शिवाय तो साचेवाला आत का गेला हे ज्या कार्यकर्त्याला समजले नाही, त्याला पुढच्या संपात शिधा कोणाकडे आधी पोचवायचा हेही समजणार नाही. त्या बाईच्या खोलीत बारा जणांचा निधी वेळेवर पोचला असता, तर पहाटेचा तो डबा भरला गेला असता काय?

कथा मात्र त्या दिवशीच्या रात्री लिहायची आहे. नळावर दिवसभर कोणी त्या बाईशी बोललेले नाही. दिवेलागणीला ती नेहमीप्रमाणे ताटे मांडते. गावी गेलेले सोडून सात. नवरा आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडला आहे. आमटीला आज पुन्हा फोडणीचा वास आहे. जिन्यावर पावले वाजतात, दाराशी येतात आणि थांबतात. सातांपैकी कोण आत येतो, कोण उंबऱ्यावरूनच फिरतो, आणि जो आत येऊन बसतो तो पहिला घास घेण्याआधी कोणाकडे पाहतो, हे लेखकाने त्या सातही जणांची नावे, त्यांची गावे आणि त्या प्रत्येकाची त्या बाईकडची उधारी ठाऊक असल्याखेरीज लिहू नये.